चाळीस मिलिमीटरचे जंगल

जाड गादीचा धावण्याचा बूट म्हणजे ज्याच्या टाचेखाली ३५ ते ४० मिलिमीटर फोम असतो आणि ज्याच्या किमतीत एके काळी नवी सायकल येत असे, असा बूट. त्याचे तीन भाग असतात. वर जाळीदार कापड, तळाशी झिजेसाठी रबराचे पातळ तुकडे, आणि मध्ये ज्याच्यासाठी पैसे मोजले जातात तो फोम. हा फोम बहुतेक वेळा ईव्हीए नावाच्या प्लॅस्टिकचा असतो आणि त्यात वायूचे अगणित बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. आकारमानाने पाहिले तर गिऱ्हाईक मुख्यतः हवाच विकत घेते. २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी उशाशी घेऊन झोपणाऱ्या चंद्रपुरात बंद पुडीतली हवा घ्यायला माणसे चटकन तयार होतात, यात नवल नाही.

या बुटाची मूळ कल्पना डोंगर उतरणाऱ्यांची आहे. फ्रान्समधल्या आनसी या आल्प्सच्या पायथ्याच्या गावात २००९ साली निकोला मेर्मू आणि झाँ-ल्यूक दियार यांनी होका ही कंपनी काढली. डोंगर चढताना दम लागतो, पण मांड्या मोडतात त्या उतरताना. म्हणून उतारावर बेधडक पाय टाकता यावा असा जाडजूड तळवा त्यांनी तयार केला. गंमत अशी की त्याच वर्षी क्रिस्टोफर मॅकडूगल यांचे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आले आणि पातळ वहाणा घालून मैलोन्‌मैल धावणाऱ्या मेक्सिकोतल्या आदिवासींचे गुणगान वाचून पुष्कळ शहरी लोकांनी बूटच सोडून दिले. एकाच वर्षी जगाला दोन परस्परविरोधी सल्ले मिळाले आणि दोन्ही खपले. पुढे तळव्यांची उंची इतकी वाढत गेली की २०२० साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या स्पर्धांसाठी ४० मिलिमीटरची कमाल मर्यादा घालावी लागली. ही मर्यादा विश्वविक्रमवीरांना लागू आहे. चंद्रपूरच्या आझाद बागेत सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांवर अद्याप कोणतेही बंधन नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत (१९८२ च्या २६ ऑगस्टपर्यंत हा एकच जिल्हा होता) या बुटाचा प्रसार प्रामुख्याने मुलांकडून आईवडिलांकडे झाला. इतर सगळे वारसे वरून खाली येतात. हा खालून वर गेला. पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला लागलेला मुलगा दिवाळीला येतो, वडिलांचे गुडघे जिना चढताना वाजतात असे ऐकतो आणि परत गेल्यावर ऑनलाइन खरेदी करून एक खोके घरी धाडतो. खोके उघडल्यावर आजी बूट हातात घेऊन उलटसुलट करून पाहते आणि विचारते, “पायाले गादी बांधून फिरतेत का रे आता?” प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. वडील पहिले आठ दिवस बूट घालत नाहीत, कारण नवा आहे. त्यानंतर घालतात तेव्हा धावत नाहीत. धावण्याच्या बुटांच्या बहुसंख्य मालकांचा धावण्याशी संबंध बुटाच्या नावापुरताच असतो, हे निरीक्षण या दोन जिल्ह्यांपुरते मर्यादित नाही.

जे दुकानात जाऊन घेतात त्यांची परीक्षेची पद्धत ठरलेली आहे. गिऱ्हाईक बूट पायात घालण्याआधी टाचेचा फोम अंगठ्याने दाबून पाहते, पिकलेला आंबा पाहावा तसा. फोम दबला की मान हलते. “काऊन जी, एवढा जाड?” असे विचारल्यावर दुकानदार सांगतो, “जाड आहे म्हनूनच तर नऊ हजार. गुडघ्याले काही होत नाही, लिहून देतो.” लिहून मात्र तो पावतीच देतो, आणि तिच्यावर गुडघ्याचा उल्लेख नसतो. अंगठ्याच्या या परीक्षेत एक मूलभूत दोष आहे. अंगठ्याचा जोर चार-पाच किलोंचा, आणि बुटाला पुढे सोसायचा असतो तो देह सत्तर-ऐंशी किलोंचा. जो फोम अंगठ्याखाली लोण्यासारखा वाटतो तो देहाखाली तळाला जाऊन बसतो. मग उरतो तो महागडा कडक बूट.

आता धक्क्याचे गणित. चालताना पाय टेकतो तेव्हा जमिनीकडून येणारा जोर वजनाच्या सव्वापटीच्या आत राहतो. धावताना तो दुपटी-तिपटीपर्यंत जातो. ७० किलोच्या माणसाच्या बाबतीत हे दर पावलाला १४० ते २१० किलो झाले, आणि एका किलोमीटरला पावले पडतात हजाराच्या आसपास. हा जोर फोम नाहीसा करत नाही. खाली येणारा देह थांबवायचा तर जोर लागणारच. फोम फक्त थांबायला थोडा जास्त वेळ देतो, म्हणजे एकरकमी देणे हप्त्यांत फेडतो. हप्त्यांची सवय असलेल्या नोकरदार वर्गाला ही कल्पना पटायला कठीण जात नाही.

पण शरीर बिनडोक कर्जदार नाही. पायाखाली काय आहे याचा अंदाज घेऊन माणूस नकळत पाय कमीजास्त ताठ करतो. जमीन कडक असली की गुडघा आणि घोटा जास्त वाकतात, स्नायू मऊ राहतात. जमीन मऊ असली की पाय ताठ होतो. अमेरिकेतले डॅनियल फेरिस आणि क्लेअर फार्ली यांनी १९९० च्या दशकात हे मोजून दाखवले. म्हणजे बुटाने जे वाचवले ते पाय दुसऱ्या खिशातून खर्च करतो. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१८ साली एका जाडजूड बुटाची नेहमीच्या बुटाशी तुलना केली तेव्हा ताशी साडेचौदा किलोमीटर वेगाला जाड बुटात पहिला धक्का सुमारे ११ टक्क्यांनी जास्तच भरला. पाय भरवशावर बिनधास्त आपटला गेला होता.

एवढे वाचून जाड बूट परत करायला निघालेल्यांनी थोडे थांबावे. लक्झेंबर्गमध्ये लोरां मालिझू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८४८ हौशी धावपटूंना बाहेरून एकसारखे दिसणारे मऊ आणि कडक बूट वाटले. कोणाला कोणते मिळाले हे ना धावणाऱ्यांना माहीत, ना नोंदी ठेवणाऱ्यांना. सहा महिन्यांनंतर कडक बूटवाल्यांत दुखापतीचा धोका दीडपट निघाला. तपशिलात आणखी एक मौज होती. फायदा दिसला तो हलक्या वजनाच्या लोकांत. जड वजनाच्यांत तो ठळक दिसला नाही. “वजन आहे ना, म्हणून जाड गादी पाहिजे” हा दुकानातला पहिला सिद्धान्त असल्यामुळे हा निष्कर्ष दुकानांपर्यंत पोचण्याची घाई कोणाला नाही. याच प्रयोगातली आणखी विचित्र बाब अशी की मऊ बूटवाल्यांचा पहिला धक्का मोजणीत किंचित जास्तच होता, तरी दुखापती कमी. धक्का आणि दुखणे यांचे नाते लोक समजतात तितके सख्खे नाही, चुलत असावे.

त्याचे कारण सांध्याच्या आत आहे. धावताना गुडघ्यावर पडणारा सर्वांत मोठा भार टाच टेकण्याच्या क्षणी येत नाही. तो पाऊल पूर्ण टेकल्यावर, देह पुढे ढकलण्यासाठी मांडीचे आणि पोटरीचे स्नायू आवळले जातात तेव्हा येतो. गुडघ्याला दाबते ती जमीन थोडी, स्वतःची मांडी जास्त. बुटाच्या फोमला तिथपर्यंत पोच नसते. शिवाय टाच पंजापेक्षा जितकी उंच, तितका भार घोट्याकडून गुडघ्याकडे सरकतो. टाच सपाट केली की तोच भार पोटरी आणि टाचेच्या शिरेवर जातो. बुटाच्या माहितीत ४, ८ किंवा १० मिलिमीटर असा जो आकडा असतो तो या बदलीचा हुकूम असतो. दुखणे रद्द होत नाही, बदलीच्या ठिकाणी रुजू होते.

धावल्याने गुडघे झिजतात, ही या भागातली सर्वांत आवडती समजूत आहे, कारण ती बसल्या जागी मान्य करता येते. २०१७ साली अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तिच्यात गुडघ्या-खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंत साडेतीन टक्के, स्पर्धात्मक धावपटूंत १३ टक्क्यांच्या थोडे वर, आणि अजिबात न धावणाऱ्यांत १० टक्क्यांच्या थोडे वर आढळले. याचा अर्थ सांध्यांना सोफ्याचाही धोका आहे, आणि सोफ्याची गादी ४० मिलिमीटरहून बरीच जाड असते.

इथून या विषयाचा स्थानिक भाग सुरू होतो. जगात इतरत्र माणूस कडक रस्त्यावर धावतो कारण त्याच्याकडे दुसरी जमीन नाही. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातले दोन-तृतीयांशाहून जास्त जंगल. चंद्रपूरच्या वेशीला लोहारा आणि जुनोन्याचे सागवान लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये या जंगलात पानगळीचा जो थर पडतो, त्याच्याखाली भुसभुशीत माती, तिच्याखाली मुळांचे जाळे, असा तळवा कोणत्याही प्रयोगशाळेला अजून साधलेला नाही. आणि तो फुकट आहे. त्याचा दुसरा गुण मऊपणाहूनही मोठा. जंगलातली कोणतीही दोन पावले सारखी पडत नाहीत. एक दगडाच्या कडेवर, एक मुळीवर, एक उतारावर. त्यामुळे एकच स्नायू, एकच शीर हजार वेळा त्याच जागी ताणली जात नाही. सिमेंटच्या रस्त्यावर पहिले पाऊल आणि दहाहजारावे पाऊल कार्बन कॉपी असतात. (सिमेंटपेक्षा डांबर मऊ, हा वाद सकाळच्या घोळक्यात नेहमी होतो. पायाच्या हिशेबाने दोन्ही दगडच.)

तरीही पहाटे पाचला चंद्रपूरचा धावपटू सागवानाकडे पाठ करून सिमेंटच्या रस्त्यानेच धावतो, कारण जंगलाच्या वाटेवर वाघ आहे. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले आणि त्यांतला मोठा हिस्सा चंद्रपूर जिल्ह्यातला. ताडोबातच नव्हे, वीज केंद्राच्या आवारातल्या झुडपांतही वाघ-बिबटे फिरतात. वडसा, आरमोरी, गडचिरोली या पट्ट्यातही आता ते आहेत. यात थट्टेला जागा नसलेला भागही आहे: मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला, सरपणाला जाणारी माणसे दरवर्षी जिवाला मुकतात, आणि त्यांना रस्ता निवडण्याची सोय नसते. ज्याला ती सोय आहे तो रस्त्यावर धावतो. पहाटेची आणि संध्याकाळची वेळ, पानांवरून पळणारा एकटा प्राणी, मधूनच दम घ्यायला वाकलेला: वाघाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो हे वनखात्याच्या फलकांवर वारंवार लिहिलेले असते. ताडोबात तर पर्यटकाला जिप्सीतून खाली पाय ठेवायलाच बंदी. मऊ जमीन अशी एका पट्टेदार पक्षाच्या ताब्यात गेल्यामुळे माणसाने तिचा ४० मिलिमीटर जाडीचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवून पायाला चिकटवून घेतला, आणि तो घालून सिमेंटवर आला. चंद्रपूरपुरती तरी जाड बुटाची हीच खरी उपपत्ती आहे.

निसर्गतः गादीचे पाय मिळालेले जनावरही आता या भागात आहे. २०२१ च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत वावरतो. हत्तीच्या टाचेखाली चरबीची जाड गादी असते. तो जवळजवळ चवड्यावर चालतो आणि मागची सगळी जागा ही गादी भरून काढते. म्हणून एवढे धूड रात्री धानाच्या बांधीत शिरते आणि सकाळपर्यंत मालकाला पत्ता लागत नाही. इतकी उत्तम गादी असूनही जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत सिमेंटच्या फरशीवर ठेवलेल्या हत्तींना पायाचे विकार आणि संधिवात होतात, ही गोष्ट बूट-कंपन्यांच्या जाहिरातीत येण्यासारखी नाही. माणसाच्या टाचेखालीही चरबीची गादी असते, पण दोन सेंटिमीटरच्या आतली. कंपनीने तिच्यावर आणखी चार सेंटिमीटर चढवले, इतकेच.

मऊ जमिनीवर राहिले की सांधे सुखरूप राहतात, असेही कोणी समजू नये. जुलै-ऑगस्टमध्ये गडचिरोलीच्या धानशेतीत रोवणी चालते. बायका घोटाभर, कधी पोटरीभर चिखलात, अनवाणी, दिवसदिवस कमरेत वाकून रोपे लावतात. पायाखाली याहून मऊ काही असू शकत नाही. फोम त्यापुढे फरशी. तरी कंबर आणि गुडघे दुखतात ते याच पायांचे. शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावच्या कंबरदुखीचा अभ्यास हाती घेतला तो उगाच नव्हे. तिथे दुखण्याचे कारण धक्का नसतो. वाकणे, उचलणे आणि सुट्टी नसणे ही कारणे असतात, आणि यांवर अजून कोणत्याही कंपनीने गादी काढलेली नाही.

मऊ तळव्याचा निःसंशय उपयोग ज्यांना होतो ती माणसे या जिल्ह्यांत होका येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली हे कुष्ठरोगाचे प्रमाण जास्त असलेले जिल्हे. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली ती याच मातीत. वेल्लोरला काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांच्या लक्षात आले की कुष्ठरोग्याच्या पायाला पडणारी जखम बऱ्याच वेळा थेट रोगाने होत नसते. संवेदना गेलेल्या तळव्यावर त्याच जागी पुन्हा पुन्हा साधा दाब पडत राहतो आणि कातडे आतून फुटते. धडधाकट माणूस चार पावलांत नकळत पाय तिरका टाकतो, लंगडतो, थांबतो; वेदना नसलेला माणूस थांबत नाही. म्हणून अशा पायांसाठी एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या चपला आल्या. वर मऊ रबर, खाली काटा न शिरणारा कडक तळ. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून त्या रुग्णांना फुकट मिळतात. दिसायला त्या इतक्या साध्या असतात की कोणी मंदिराबाहेरून उचलत नाही. बुटांच्या दुनियेतला सर्वांत सिद्ध झालेला मऊ तळवा हा, आणि तो धावण्यासाठी नाहीच. ज्याला दुखते त्याच्याकडे मूळची एक सोय शिल्लक आहे, हे मात्र त्यावरून कळते. पाय दुखला की चाल बदलते, आणि ती बदललेली चाल कोणत्याही फोमइतकेच काम करते.

याच्या अगदी उलट टोकाला भरतीची मुले-मुली. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मुलांनी ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत, आणि मुलींनी २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत, शर्यत संपवली तर २० पैकी २० गुण. वनरक्षकाच्या भरतीला मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर, शिवाय मुलांना चार तासांत २५ किलोमीटर चालण्याची चाचणी. गडचिरोलीत पहाटे जी काही धाव दिसते ती मुख्यतः या हिशेबाने चाललेली असते. त्यांच्यातला कोणीही गुडघ्याविषयी बोलत नाही; बोलणे फक्त सेकंदांचे. जाड बूट जड पडतो, जड बूट वेळ खातो, आणि एका सेकंदाच्या फरकाने गुणांची पायरी घसरते, हे त्यांना शास्त्र न वाचता कळते. त्यामुळे हलका, पातळ, जेमतेम हजार रुपयांचा बूट, नाहीतर सरळ अनवाणी. (अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावून सुवर्णपदक घेऊन गेला, हे उदाहरण भरती अकादमीचे गुरुजी हमखास देतात. चार वर्षांनी टोकियोत त्याने तेच पदक बूट घालून जिंकले, हे सहसा सांगत नाहीत.) मैदानाच्या कडेने नऊ हजारांच्या बुटात संथ चालणारे गृहस्थ आणि मधल्या चुन्याच्या रेघेत अनवाणी सुटलेली मुलगी, अशी विभागणी रोज दिसते. ज्याला धक्का बसत नाही त्याच्या पायात गादी, आणि जिला बसतो तिच्या पायाला चुना.

अलीकडे जाड आणि हलका असे दोन्ही असलेले बूट निघाले आहेत. त्यांत ईव्हीएऐवजी पेबा नावाचा उसळणारा फोम आणि कार्बनची पट्टी असते. ते धक्का सोसण्यापेक्षा परत फेकण्यासाठी बनवलेले असतात आणि त्यांची किंमत ऐकूनच पहिला धक्का बसतो.

एवढे असूनही ज्याला जाड बूट घ्यायचाच आहे त्याच्या निवडीला या भागात काही खास अटी लागतात, ज्या फ्रान्सच्या डोंगरात सुचण्यासारख्या नाहीत. पहिली उन्हाची. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुपारच्या डांबरावर ईव्हीए आणखी मऊ पडतो आणि तळवा चिकटवलेला सरस सैल होतो. गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बुटाचे तोंड उघडते ते या दिवसांत. दुकानात एसीच्या गारव्यात दाबून पाहिलेला मऊपणा आणि उन्हातला मऊपणा एक नसतो; तेव्हा थोडा कडक वाटणाराच बूट इकडे बरोबर बसतो. दुसरी अट काळ्या मातीची. वरोरा-भद्रावतीकडे पावसाळ्यात शेताच्या वाटेने दहा पावले टाकली की तळव्याच्या खोल नक्षीत माती बसते, मातीला माती चिकटते, आणि ४० मिलिमीटरचा बूट ऐंशीचा होतो. जागतिक संघटनेच्या नियमाचा भंग इतक्या सहजी दुसरीकडे कुठे होत नसेल. तिसरी काट्याची. बाभळीचा काटा पाच सेंटिमीटरपर्यंत असतो; पातळ चपलेत तो लगेच टोचतो आणि लगेच काढला जातो. जाड फोममध्ये तो निमूट शिरून बसतो, दर पावलाला थोडा वर सरकतो आणि एखाद्या आठवड्याने, घरच्या फरशीवर, काहीही कारण नसताना पायाला भेटतो. टायरच्या चपला वापरणाऱ्यांना ही अडचण माहीत नाही, कारण ट्रकच्या टायरमधून काटाही जात नाही आणि मऊपणाही.

माप घेताना संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. इंग्लंडचे ८ म्हणजे अमेरिकेचे ९, हे न कळल्यामुळे मुलाने तिकडून पाठवलेले पुष्कळ बूट शेवटी काकांच्या पायात गेले आहेत. दुकानात दाबण्यापेक्षा उभे राहावे, दारापर्यंत पळून यावे. दुकानदाराचा जीव थोडा टांगणीला लागतो, त्याला इलाज नाही. उंच तळव्यावर घोटा डुगडुगतो का ते तेवढ्यात कळते. दगडगोट्यांच्या वाटेवर ज्याला चालायचे आहे त्याने हा डुगडुगीचा मुद्दा किमतीच्या आधी पाहावा, कारण घोटा मुरगळल्यावर गुडघ्याची काळजी आपोआप मागे पडते. या सगळ्यांवर कॅनडातले बेन्नो निग यांनी वर्षानुवर्षे बूट मोजून २०१५ च्या सुमारास जो निकष पुढे केला तो असा: जो बूट पायाला सुखाचा वाटतो तो घ्यावा. पायाला त्याचे कळते. चंद्रपूरच्या गोल बाजारातल्या कोणत्याही जुन्या चप्पल-विक्रेत्याने हेच सांगितले असते, पण त्याला कोणी निबंध लिहायला सांगितले नव्हते.

बूट घरी आल्यावरचे प्रश्न वेगळे. महाकालीच्या यात्रेला किंवा कोणत्याही देवळात हा बूट घालून कोणी जात नाही; गेले तर दर्शनात लक्ष लागत नाही. पावसात भिजलेला फोम गडचिरोलीच्या श्रावणात चार दिवस वाळत नाही, म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो पंख्याखाली ठेवतात आणि घरातली माणसे उकाड्यात बसतात. आणि जपून ठेवण्याचा मोह सर्वांत घातक. काही बुटांत, विशेषतः जुन्या धाटणीच्या, पॉलियुरेथेनचा फोम असतो. दमट हवेत तो न वापरताही आतून कुजतो. मुलाच्या लग्नासाठी म्हणून दोन-तीन पावसाळे कपाटात ठेवलेला बूट वरातीत पायात चढतो आणि मांडवापर्यंत पोचताना त्याचा तळवा चुऱ्याच्या रूपाने मागे सांडत गेलेला असतो.

वापरलेल्या बुटाचा फोम पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये दबून जातो. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्याला तेवढे व्हायला वर्ष जाते. भरतीच्या मुलाला एवढे अंतर दोन-तीन महिन्यांत होते, पण त्याच्याकडे हा बूट नसतो. दबलेला फोम बाहेरून ओळखू येत नाही. वरचे कापड धड असते, तळाचे रबर अर्धे शिल्लक असते, त्यामुळे असा बूट टाकून देणे या भागात कोणाच्या मनाला येत नाही. तो फिरण्यातून बाजारहाटाला, तिथून अंगणात झाडांना पाणी घालायला आणि अखेर शेतावर जागलीला जाणाऱ्या माणसाकडे येतो. रानडुकरे हाकलायला धुऱ्यावरून रात्री फेऱ्या मारताना त्याला फोम दबला आहे की नाही याने काही फरक पडत नाही. माती मऊच असते. फक्त तळवा पांढरा असला तर तो त्याच्यावर थोडा चिखल फासून घेतो, कारण अंधारात तो लांबून दिसतो.